जप्तीचा बँड

३ मार्च, सोमवार

आज मुख्याधिकारी साहेबांनी भर बैठकीत विचारलं, "दिव्यानी मॅडम, कर निरीक्षक म्हणून तुम्ही इथे नोकरी करता की पाहुणचार घेता?" सगळे हसले. बांधकामाचा जाडा अभियंता तर टेबलावर हात आपटून हसला. मीही हसले. काय करणार? पहिलीच नोकरी, परिवीक्षा संपून कायम व्हायला चार महिने, आणि सावरटोला नगरपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी अजून निम्मीसुद्धा वसूल नाही. मार्चअखेर नव्वद टक्के झाली नाही, तर साहेब माझ्या कागदावर काय शेरा मारतील ते सांगायला ज्योतिषी नको.

नोटिसा पाठवून झाल्या. लोक त्यावर भजी ठेवून खातात. नळ कापावा म्हटलं, तर इथे नळाला तसंही पाणी येत नाही. कापला तरी महिनाभर कोणाला कळत नाही.

सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. आता बोट वाकडं करायचं.

५ मार्च, बुधवार

मोठ्या शहरांत थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवतात. मोबाइलवर पाहिलं आणि साहेबांना दाखवलं. साहेब खूश. "करा. फक्त खर्च मागू नका," म्हणाले.

खर्चाशिवाय ढोल कोण वाजवणार? तेव्हा आमचा शिपाई इसरू दारातूनच बोलला, "शफी बँडवाला हाये ना मॅडम. थोच थकबाकीत हाये." इसरूला दारातून बोलायची खोड आहे, पण आज उपयोगी पडली.

शफीभाईंना साहेबांच्या केबिनमध्येच बोलावलं. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, बोटं लांबलचक. आजोबांपासूनचा बँड. आसपासच्या गावांत यांच्या क्लॅरिनेटशिवाय वरात हलत नाही म्हणे. अलीकडे डीजेने धंदा बसवला म्हणून घरपट्टी थकली. अडतीस हजार. नाही भरले तर जप्तीत बँडच जाईल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मग तोडगाही सांगितला: महिनाभर आमच्यासोबत फिरा, दारोदार वाजवा, तुमचं खातं कोरं.

त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, रोजे सुरू हायेत. फुंकाचं काम हाये, घसा सुकते. रोजा सुटल्यावर वाजवलं तं?"

मी म्हटलं, सूर्यास्तानंतर जप्ती करता येत नाही, तसा नियम आहे.

"अजून एक गोष्ट. आमी लोकायच्या दारात खुशीत उभे राह्यतो."

"हीसुद्धा खुशीच आहे, नगरपंचायतीची," मी म्हटलं. उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं. ते काही हसले नाहीत. पण हो म्हणाले. साहेबांनीही मान हलवली.

७ मार्च, शुक्रवार

झकास! दुपारपर्यंत सहा घरांनी रोख भरले!

पहिलं घर रामाजी गुरुजींचं. पेन्शन खातात आणि चार वर्षं पाणीपट्टी नाही. बँड सुरू झाला तशी गल्लीतली पोरं नाचायला लागली. गुरुजी मागच्या दाराने निसटत होते, पोरांनी धोतर धरलं. पैसे मोजताना नोटा दोनदा खाली पडल्या. म्हणाले, "बाई, गावातली अर्धी माणसं माह्या हाताखालून गेली." मी म्हटलं, मग धडा चांगला घालून द्या. लोक हसले. माझ्यात विनोदबुद्धी आहे हे ऑफिसात कोणाला माहीत नाही.

लाज ही फार कामाची वस्तू आहे. एवढी वर्षं कोणाला सुचलं कसं नाही?

एकच अडचण. शफीभाईंना सगळ्या धुना लग्नातल्याच येतात. नवरदेव घोड्यावर बसतानाची, वरात निघतानाची, नवरी सासरी जातानाची. दुसरं काही बसवा म्हटलं तर म्हणाले, "दुसरं काय वाजवू मॅडम? याच्यासाठी धूनच नाई बनली." असू दे. लग्नाची धून ऐकून लोक लवकर बाहेर येतात.

दुपारी एका ओट्यावर ते मटकन बसले. इसरू पाणी घेऊन धावला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी त्यांना पंधरा मिनिटं सावलीत बसू दिलं. माणुसकी सोडायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलंय.

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं. हसावं की काय करावं तेच कळेना.

बुरडी मोहल्ल्यात गुणाबाईचं घर. म्हातारी आणि तिची नात करिष्मा, दोघीच. करिष्माचं साक्षगंध शुक्रवारी ठरलेलं, म्हणजे पाहुणे येऊन कुंकू लावून जाणार होते. हे मला नंतर कळलं. बँड गल्लीत वळला आणि म्हातारीला वाटलं, पाहुणे तीन दिवस आधीच आले, तेही वाजतगाजत! मी पोचते तर ही नवं लुगडं नेसून, ताट घेऊन दारात. दिवा, कुंकू, पाय धुवायला पाण्याचा तांब्या. मी सगळ्यांच्या पुढे होते, साडीही जरा बरी होती. तिने मला नवरदेवाची बहीणच समजलं. पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. म्हणाली, "या बाई, या. पोरगी गरिबाची हाये, पन कामाची हाये. आमी काई कमी नाई पडू देत."

मी तिला मधेच थांबवलं नाही. बाई इतकी रंगात आली होती! ओवाळून झाल्यावर मी नोटीस वाचून दाखवली.

म्हातारीला आधी समजलंच नाही. ती शफीभाईंकडे वळली. मग म्हणाली, "शफ्या, तुया बापानं माया वरातीत वाजवलं होतं रे. आन् तू?" शफीभाईंनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. मी म्हटलं, थांबू नका, पंचनामा चाललाय. त्यांनी पुन्हा लावलं, पण सूर फाटला.

घरात जप्त करण्याजोगं होतं काय? एक लोखंडी कपाट, आरशाचं, कोरं, वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. आहेरासाठी घेतलेलं. करिष्मा त्याचं हँडल धरून उभी राहिली. रडली नाही, बोलली नाही, नुसती धरून. इसरूला सांगितलं हात सोडव, तर तो म्हणाला, "मॅडम, माह्याच्यानं नाई होत." शेवटी मीच एकेक बोट सोडवलं. काय घट्ट पकड! उचलताना प्लास्टिक फाटलं. ते मी पंचनाम्यात नोंदवलं, उगाच आपल्यावर नको.

कुंकू घरी येऊन धुतलं. मला थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बाईने वेळेवर भरलं असतं तर ही वेळ आली असती का?

१५ मार्च, शनिवार

होळीच्या रात्री टवाळ पोरांनी 'शफी ब्रास बँड'चा बोर्ड काढून होळीत टाकला. रंगाच्या दिवशी बँडच्या गाडीला शेण फासलं. शफीभाई तक्रार द्यायला तयार नाहीत. मी म्हटलं, होळीत एवढं चालायचंच.

इसरू सांगत होता, करिष्माचे पाहुणे काल आलेच नाहीत. लग्नं काय कपाटावरून मोडतात? मुलातच काही खोट असेल. म्हातारीने आमचे आभार मानले पाहिजेत.

वसुली एकाहत्तर टक्के!

१८ मार्च, मंगळवार

काम जोरात. आता बँड गल्लीच्या तोंडाशी आला तरी लोक ऑफिसला फोन करतात, "भरतो मॅडम, पुढं नका येऊ." साहेब मला 'आमची वाघीण' म्हणाले. अभियंता आता हसत नाही.

संध्याकाळी शफीभाई ऑफिसात आले. एप्रिल-मेच्या लग्नांतले सात जण विसार परत मागून गेले. "पुरी सीजन गेली मॅडम." मी समजूत घातली की जमानाच डीजेचा आहे, तुम्हीही दोन मोठे स्पीकर घ्या. ते म्हणाले, "डीजे नाई मॅडम. थे म्हणते, तुया बँड वाजला का लोकायले कपाट जातानी दिसते."

माणूस खचला की काहीही बोलतो. काल ज्यांच्या दारात वाजवलं, तेच उद्या बोलावतील. लोकांना विसर लवकर पडतो.

मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट काढली. खातं कोरं होणार हे कागदावर लिहून मागितलं. मला जरा राग आला. मी म्हटलं, साहेबांनी तुमच्यासमोर मान हलवली ना? शब्दावर विश्वास नसेल तर काम कसं करायचं? ते "गलती झाली," म्हणून उठले. कागद मागायची त्यांची हिंमत झालीच कशी, असं वाटत राहिलं. मग वाटलं, जाऊ दे, रोज्यामुळे चिडचिड होत असेल.

२० मार्च, गुरुवार

आज यादीतला सगळ्यात वरचा आकडा काढला. राइसमिलवाले. गावाची उरलेली सगळी थकबाकी एका पारड्यात आणि हे एकटे दुसऱ्या पारड्यात. मी बँड घेऊन निघालेच होते, साहेबांचा फोन आला. "तिथे बँड नको. मोठी माणसं आहेत, मी फोनवर विनंती करतो." बरोबर आहे. प्रत्येकाची भाषा वेगळी असते. मिलवाल्यांनी चहा पाजला आणि तांदळाची एक चुंगडी गाडीत ठेवली. मी नको म्हणत होते.

परत येताना शफीभाईंनी विचारलं, "इथी नाई वाजवाचं?"

मी सांगितलं, इथे विनंतीने काम होतं.

"अच्छा," म्हणाले. मला त्यांचा तो 'अच्छा' आवडला नाही.

२२ मार्च, शनिवार

आज मी एक चांगलं काम करायला गेले आणि तोंडघशी पडले.

माझं साक्षगंध एप्रिलअखेर आहे, आईकडे, चिमूरला. मनात आलं, शफीभाईंचा बँड बोलवावा, बिचाऱ्यांना तेवढाच आधार. त्यांना सकाळीच सांगून टाकलं. माणसाचं तोंड असं फुललं! म्हणाले, "मॅडम, तुमी बलावलं तं बाकीचे बी बलावतीन. माही सीजन वापस येते." पैसे घेणार नाही म्हणाले. बोलता बोलता हातातलं क्लॅरिनेट सदऱ्याच्या टोकाने पुसत होते.

रात्री आईला फोन केला. आई किंचाळलीच. "थो जप्तीचा बँड? पोरी, तुले काई समजते का? अपशकुनी बँड आपल्या दारात? सावरटोल्याची गोष्ट चिमूरपर्यंत आली हाये, तुया सासरचे काय म्हनतीन?"

आईचं जुन्या वळणाचं असतं सगळं. मी या गोष्टी मानत नाही. पण शुभकार्यात आईचं मन कशाला मोडायचं? आणि खरं लिहायचं तर, तो फाटलेला सूर मलाही त्या दिवशी नको वाटेल.

२३ मार्च, रविवार

शफीभाईंना नाही म्हणून सांगून आले. सुट्टीच्या दिवशी स्वतः त्यांच्या घरी गेले, फोनवर नाही सांगितलं. एवढं कोण करतं? "आई म्हणजे जुनं माणूस, तुम्ही समजून घ्या," म्हटलं. ते म्हणाले, "समजलो मॅडम. आता पुरं समजलो." त्यांची बायको शमीम दारात होती. तिने मला बस म्हटलं नाही.

२६ मार्च, बुधवार

लेखापाल म्हणतात, शफीचं खातं वळतं करता येणार नाही. बँडसाठी दरपत्रकं मागवली नव्हती, ठराव नाही, बिल नाही. "मॅडम, कर पैशात भरायचा असतो, वाजवून नाही." ऑफिस हसलं.

साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मी कधी हो म्हटलं? मी मान हलवली असेल. मान काय, माशी बसली तरी हलते." मी बाहेर आले. माझ्या परिवीक्षेचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. त्यात तोंड घालून मी काय मिळवणार?

शफीभाईंना अजून सांगितलेलं नाही. उरलेल्या दोन गल्ल्या आधी करून घेऊ. आत्ता सांगितलं तर ते यायचे नाहीत.

२९ मार्च, शनिवार

शेवटची गल्ली आज झाली. शफीभाई निघताना म्हणाले, "झालं ना मॅडम माह्यं? बरोबर?" मी म्हटलं, सोमवारी बघू. खोटं बोलले नाही.

३० मार्च, रविवार

पाडव्याचीही सुट्टी नाही. अठ्ठ्याऐंशी टक्के. राइसमिलवाले विनंती ऐकतायत, भरत नाहीत. साहेब म्हणाले, नव्वद होणं नाही, निदान एक ठळक जप्ती दाखवा, म्हणजे आपण हातपाय हलवले हे वर दिसेल. यादी पाहिली. मिल सोडली तर उरलेल्यांत जप्त करण्याजोगी वस्तू एकाच घरी आहे.

कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, हे मला माहीत आहे. मी त्यावर दोन तास विचार केला. कारागीर म्हणजे सुतार, लोहार, शिंपी. काही बनवतो तो. वाजवणारा काय बनवतो? आवाज. तो तर हातात धरता येत नाही. साहेबांना हा मुद्दा फार पटला.

३१ मार्च, सोमवार

ईद आज आली, त्याला मी काय करू? वर्षअखेर काही मी ठरवलेली नाही.

सकाळी दहाला पोचलो. मोहल्ला नव्या कपड्यांत, अत्तराचा वास. शफीभाई पांढऱ्या झब्ब्यात दारात आले, आम्हाला बघून हसले. त्यांना वाटलं, आम्ही ईदला आलोय. "शमीम, शीरखुर्मा आन. मॅडम आल्या," म्हणाले. वाट्या आल्या. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी घेतला. छान झाला होता, चारोळी भरपूर. इसरूने वाटी हातातच धरून ठेवली.

मग मी नोटीस वाचली.

वाटलं होतं, आरडाओरडा होईल. काही नाही. ते म्हणाले, "पुरा महिना वाजवलं मॅडम." मी म्हटलं, हिशोबात बसत नाही, वरून आलंय. ते आत गेले आणि एकेक वाद्य स्वतः बाहेर आणून ठेवायला लागले. मोठा ढोल, दोन कर्णे, झांजा, सगळं पुसून. क्लॅरिनेट शेवटी आणलं. ते काही खाली ठेवलं नाही.

"मॅडम, साऱ्या गावाच्या दारात वाजवलं. माह्यंच दार काऊन सुनं ठेवता?"

आणि वाजवायला लागले. नवरी सासरी जातानाची धून. महिनाभर रोज ऐकली होती, पण ही अशी वाजते हे मला माहीत नव्हतं. मोहल्ला दारात आला. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. शमीम आत वळली आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. मला रडू येईल की काय, असं वाटलं. मग एकदम चीडच आली. हे सगळं मला वाईट दाखवण्यासाठी चाललं होतं! मी म्हटलं, "झालं असेल तर द्या."

त्यांनी वाजवणं थांबवलं. तोंडाकडची वेताची पत्ती काढली. "ही तेवढी ठेवू का मॅडम? थुका लागला हाये, तुमच्या काय कामाची?" मी सांगितलं, वस्तू पूर्ण असल्याशिवाय पंचनाम्यात घेता येत नाही. त्यांनी पत्ती पुन्हा बसवली आणि दोन्ही हातांनी क्लॅरिनेट माझ्याकडे दिलं. तोंडाकडची बाजू अजून गरम होती.

इसरू सामान न उचलता निघून गेला. त्याला मेमो देणार आहे.

७ एप्रिल, सोमवार

आनंदाची बातमी! 'वसुलीचा बँड' हा उपक्रम जिल्ह्याने उचलून धरलाय. शुक्रवारी कलेक्टर ऑफिसात सादरीकरण, आणि सादर मी करायचं. साहेब म्हणाले, प्रत्यक्ष बँड वाजला तर रंगत येईल. त्यात अडचण काय? वाद्यं आपल्याच कोठीत आहेत. शफीभाईंना एक दिवसासाठी काढून देऊ, सही घेऊन. साहेब माझ्या कागदावरही शुक्रवारनंतर सही करणार आहेत.

८ एप्रिल, मंगळवार

शफीभाईंच्या घरी जाऊन आले. नाहीत. तेलंगणात मिरची तोडायला गेले, बँडवाले सगळेच गेले. शमीम म्हणाली, "बोटं फुलून गेले त्यायचे. रात्री फोन बी धरता येत नाई."

आता अशा बोटांनी हा माणूस शुक्रवारी वाजवणार कसा? मला खरंच राग आला. हातात एवढी कला असून तिची कदर नाही. मी तरी तिला शांतपणे सांगितलं, त्यांना बोलावून घे, वाद्य मिळेल, जाण्यायेण्याचं भाडंही मिळेल.

तिने दाराची कडी धरली. मग म्हणाली, "वाजवाले बलावता मॅडम? आता कोनाच्या दारात?"

मी म्हटलं, कलेक्टर ऑफिसच्या.

तिने दार लावून घेतलं. निरोप पोचवेल असं वाटत नाही. नाहीच आले, तर क्लॅरिनेट अभियंत्याच्या हातात देऊन उभं करू. फोटोत आवाज थोडाच येतो.